वाचक विचारतात : मठातले सोनाटे

प्रश्न : आमच्या गटात दोन व्हायोलिन, चेलो आणि कीबोर्ड आहे. जुन्या काळी इटलीतल्या मठांतल्या नन्सनी केवळ वाद्यांसाठी काही रचलं होतं का? आम्हाला पेलेल असं काय आहे?

उत्तर : रचलं होतं, पण छापून आलेलं थोडंच. मठांत वाद्यांचा तुटवडा होता असं मात्र नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फेराराच्या सान व्हीतो मठातल्या नन्स ट्रॉम्बोनसुद्धा वाजवत. मिलानची नन क्लाउदिया रुस्का हिच्या 1630च्या संग्रहात स्तोत्रांच्या जोडीला दोन कान्झोना, म्हणजे गाण्याच्या धर्तीवरच्या वाद्यरचना, आहेत.

तुम्ही मात्र नोव्हाराची नन इझाबेल्ला लेओनार्दा (1620–1704) हिचा ओपस 16, म्हणजे सोळावा छापील संग्रह, घ्या. बोलोन्यात 1693 साली छापलेले हे 12 सोनाटे, म्हणजे संथ-जलद भागांच्या वाद्यरचना. पहिले 11 दोन व्हायोलिन, व्हिओलोने (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) आणि ऑर्गनसाठी, म्हणजे जवळपास तुमचाच संच. व्हिओलोनेच्या जागी चेलो चालतो. डबल बास एक सप्तक खाली उतरतो आणि सगळं जड होतं.

मूळ छपाईत प्रत्येक वाद्याची पुस्तिका वेगळी आहे, सगळ्या ओळी एकत्र दाखवणारा स्कोअर नाही. त्यावरून वाजवणार असाल तर आधी चारही ओळी एकाखाली एक लिहून मात्रांच्या खणांना क्रमांक द्या. नाहीतर तालमीत 'कुठून धरायचं?' यातच वेळ जाईल.

खरी अडचण कीबोर्डची. त्याच्यासमोर फक्त खर्जाची ओळ आणि काही आकडे असतात. खर्जाचा स्वर पहिला धरून वर मोजायचं: 6 म्हणजे तिसरा आणि सहावा स्वर. 4 3 म्हणजे चौथा आधी धरून मग तिसऱ्यावर उतरायचं. आकडा नसेल तर तिसरा आणि पाचवा, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. आकडे बऱ्याचदा गाळलेले असतात. व्हायोलिन खर्जाचा सहावा स्वर धरून बसलं असताना कीबोर्डने पाचवा दिला की दोघे एकमेकांना खटकतात. म्हणून कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) ठरवण्यापूर्वी वरच्या दोन्ही ओळी पाहा. उजवा हात शक्यतो व्हायोलिनच्या खाली ठेवा. खर्ज भराभर धावतो तिथे दर ठोक्याला एकच कॉर्ड पुरे. कीबोर्डवर ऑर्गनचाच आवाज लावा. पियानोचा सूर लांब खर्जावर विरतो.

बारावा सोनाटा एकाच व्हायोलिनचा, डी मायनरमधला, आणि आमच्या मते संग्रहातला सर्वांत देखणा. पण तो शेवटी घ्या. त्यातल्या संथ जागा बोलल्यासारख्या सैल वाजवायच्या असतात. तिथे पायाने ठेका धरला की संपलं. कीबोर्डने व्हायोलिनच्या धनुष्याकडे पाहत थांबायचं आणि जलद भाग सुरू होताच लय पक्की धरायची.