इंटरनेटवरच्या फाइली आपल्या फोल्डरमध्ये: लिनक्सविषयी वाचकांचे प्रश्न

दूरच्या सर्व्हरवरच्या फाइली आपल्याच संगणकावरच्या फोल्डरसारख्या कशा वापराव्यात, म्हणजे दूरचे फोल्डर आपल्या संगणकाला कसे 'जोडावे' (माउंट करावे), याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. आज्ञांची आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टंकलेखनापूर्वी त्या त्या प्रोग्रॅमचे 'मॅन' (माहितीपुस्तिकेचे) पान उघडून नेमके हिज्जे पाहून घ्यावेत.

प्रश्न: लिनक्समध्ये 'सर्व काही फाइल आहे' असे आम्हाला शिकवले जाते. मग एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता फाइलच्या मार्गासारखा देऊन फाइल दाखवणारी 'कॅट' किंवा तिच्यात शब्द शोधणारी 'ग्रेप' या आज्ञांनी तिथला मजकूर थेट का वाचता येत नाही?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कराड

उत्तर: लिनक्स ज्या धर्तीवर बनले त्या युनिक्सनेही हे तत्त्व कधीच पूर्णपणे पाळलेले नाही. डिस्क, टर्मिनल, प्रिंटर यांना 'डेव्ह' फोल्डरमध्ये नावे मिळाली, पण नेटवर्क त्यातून सुटले. बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीने १९८३ मध्ये 'सॉकेट' ही नेटवर्क-जोडणीची सोय आणली आणि नेटवर्कशी बोलण्याची रीत फाइलींपासून वेगळी झाली. लिनक्सनेही तीच रीत स्वीकारली. सॉकेट उघडल्यावर प्रोग्रॅमला मिळणारा क्रमांक उघडलेल्या फाइलीच्या क्रमांकासारखाच वाचता-लिहिता येतो, परंतु इंटरनेटवरच्या पत्त्याला फाइलींच्या झाडात नाव नसते, आणि 'कॅट'ला तर नावच लागते.

ही उणीव ज्या बेल लॅब्समध्ये युनिक्स जन्मले तिथल्याच लोकांना जाणवली होती. केन थॉम्पसन, रॉब पाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली 'प्लॅन नाइन' ही प्रणाली १९९२ मध्ये विद्यापीठांना उपलब्ध झाली. तिच्यात नेटवर्क हेही एक फोल्डर आहे. तिच्यातला 'वेबएफएस' हा प्रोग्रॅम फार सुंदर रीतीने चालतो: 'क्लोन' नावाची फाइल उघडली की एक क्रमांक मिळतो, त्या क्रमांकाच्या फोल्डरातल्या 'सीटीएल' फाइलीत संकेतस्थळाचा पत्ता लिहायचा, आणि शेजारची 'बॉडी' ही फाइल वाचली की ते पान हाती येते. आपल्या मनात जे आहे ते तिथे प्रत्यक्षात उतरले होते. प्लॅन नाइनचा प्रसार झाला नाही, पण तिची फाइली वाटून घेण्याची 'नाइनपी' ही पद्धत आजही जिवंत आहे. विंडोजच्या पोटात चालणारे लिनक्स आणि विंडोज एकमेकांच्या फाइली पाहतात, त्या वाटेवर तिचा उपयोग होतो.

लिनक्सच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष २००५. त्या वर्षी आलेल्या २.६.१४ या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) नाइनपीचा आधार आला आणि त्याच आवृत्तीत मिक्लोश सेरेदी यांचे 'फ्यूज'ही आले. फ्यूजच्या आधी नवी फाइल प्रणाली लिहायची तर कर्नलच्या आत शिरावे लागे, आणि तिथल्या एका चुकीने सारा संगणक कोसळू शकत असे. फ्यूजने हे काम साध्या प्रोग्रॅमच्या हाती दिले. 'कॅट'ने फाइल वाचायला मागितली की कर्नल ती विनंती 'डेव्ह' फोल्डरातल्या 'फ्यूज' या खास फाइलीतून त्या प्रोग्रॅमकडे पाठवतो. तो प्रोग्रॅम नेटवर्कवरून मजकूर आणतो आणि कर्नलमार्फत 'कॅट'ला परत देतो. आपण फाइल वाचत आहोत की पाचशे कोसांवरचा सर्व्हर, याचा 'कॅट'ला पत्ताही लागत नाही. एसएसएचएफएस (एसएसएच या सुरक्षित जोडणीतून दूरचे फोल्डर जोडणारे), आरक्लोन (मुख्यतः क्लाउड साठवण जोडणारे), एचटीटीपीडीरएफएस (वेबवरच्या फाइलींच्या याद्या जोडणारे) ही सारी साधने याच पायावर उभी आहेत.

तरीही संपूर्ण वेब असे जोडता येत नाही. फोल्डरात काय काय आहे हे विचारण्याची सोय एचटीटीपीमध्ये, म्हणजे वेबवरची पाने मागण्याच्या पद्धतीत, मुळातच नाही; पत्ता ठाऊक असेल तर मजकूर मागता येतो, इतकेच. युनिक्समध्ये एखादे नाव एक तर फाइलीचे असते किंवा फोल्डरचे, पण वेबवर एकाच पत्त्यावर स्वतंत्र पानही असू शकते आणि त्याच पत्त्याच्या पोटात आणखी पानेही असू शकतात. फाइलीची लांबी आधी सांगावी लागते, तर अनेक पाने मागणीच्या क्षणी तयार होतात आणि ती किती लांब होतील हे सर्व्हरलाही आधी ठाऊक नसते. शिवाय लॉगिन, कुकी आणि प्रश्नचिन्हानंतर येणारे शोधशब्द यांना फाइलीच्या मार्गात सोयीची जागा नाही. म्हणून ज्या पद्धतींत यादी, लांबी आणि बदलाची तारीख या तिन्ही गोष्टी विचारता येतात, म्हणजे एसएफटीपी, एफटीपी, वेबडॅव्ह किंवा क्लाउड साठवण, त्या चांगल्या जुळतात. एखादेच पान हवे असेल तर पत्त्यावरचा मजकूर आणणाऱ्या 'कर्ल' या आज्ञेने ते आणून पाइपमधून (एका आज्ञेचा निकाल दुसरीकडे पाठवणाऱ्या चिन्हाने) 'ग्रेप'ला देणे हाच आजही योग्य मार्ग आहे.

जाता जाता एक गोष्ट. आपण टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या 'बॅश' या प्रोग्रॅममध्ये 'डेव्ह' फोल्डरखाली 'टीसीपी', मग सर्व्हरचे नाव आणि पोर्ट क्रमांक असा मार्ग लिहून जोडणी उघडता येते. मात्र ती फाइल डिस्कवर कुठेही नसते. तो मार्ग बॅश स्वतःच ओळखते, आणि तेही मजकूर वळवण्याच्या चिन्हासोबत लिहिला तरच. त्यामुळे 'एलएस' (फाइली दाखवणारी आज्ञा) केले तर अशी फाइल नाही असेच उत्तर मिळेल.

प्रश्न: एका सार्वजनिक वेब-सर्व्हरवर जुन्या मराठी नियतकालिकांच्या शेकडो पीडीएफ फाइली साध्या यादीच्या रूपात ठेवलेल्या आहेत. सगळ्या उतरवून घेण्याइतकी जागा माझ्या संगणकावर नाही. ती यादी फोल्डरसारखी जोडून हवा तो अंक वाचता येईल का? एका परिचितांनी तसे करून पाहिले, पण फोल्डर उघडायलाच फार वेळ लागला.
— निवृत्त ग्रंथपाल, सोलापूर

उत्तर: येईल, आणि आपल्यासारख्या कामासाठी ही सोय फार मोलाची आहे. अपाचे किंवा एनजिनएक्स या सर्व्हरने दाखवलेली फाइलींची यादी वाचून तिचे फोल्डर बनवण्याचे काम एचटीटीपीडीरएफएस करते आणि आरक्लोनचा 'एचटीटीपी' हा प्रकारही करतो. फाइली फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत.

अख्खी फाइल न उतरवता ती वाचता कशी येते, हे समजले तर साधन नीट वापरता येईल. एचटीटीपीमध्ये 'मला या फाइलीचा अमुक बाइटपासून अमुक बाइटपर्यंतचाच तुकडा द्या' असे सांगण्याची सोय आहे, आणि सर्व्हरने ते मानले तर तो २०६ या क्रमांकाचे उत्तर देतो. पीडीएफमधल्या वस्तू कोणत्या बाइटवर आहेत याची सारणी सहसा फाइलीच्या शेवटी असते. वाचक-प्रोग्रॅम आधी शेपटाचा तुकडा वाचतो, सारणी पाहतो आणि मग हव्या पानाचा तुकडा मागतो. त्यामुळे दोनशे पानांच्या अंकातले एकच पान पाहायचे असेल तर त्याच्या आजूबाजूचा काही भागच खाली येतो. सर्व्हरला तुकडे देणे मान्य नसेल, तर मात्र या सोयीचा उपयोग राहत नाही. हे आधी तपासायचे असेल तर 'कर्ल'ने नुसते शीर्ष (मजकुराआधी येणारी माहिती) मागवावे आणि त्यात तुकड्यांना मान्यता असल्याची ओळ आहे का, ते पाहावे.

आता फोल्डर उघडायला लागणाऱ्या वेळेविषयी. अशा याद्यांमध्ये फाइलीचा आकार '२.३ एम' असा ढोबळ दिलेला असतो, आणि फाइल प्रणालीला तर नेमके बाइट हवे असतात. म्हणून आरक्लोन प्रत्येक फाइलीसाठी सर्व्हरला वेगळी विचारणा करतो. पाचशे फाइली असतील तर पाचशे विचारणा होतात. 'एचटीटीपी-नो-हेड' हा पर्याय दिला की त्या थांबतात आणि यादी चटकन उघडते, पण आकार आणि तारखा मिळत नाहीत, आणि काही वाचक-प्रोग्रॅम आकार ठाऊक नसलेल्या फाइलीला अडखळतात. माझा सल्ला असा की हा पर्याय वापरू नये. त्याऐवजी यादी किती वेळ लक्षात ठेवायची हे ठरवणारा 'डिर-कॅश-टाइम' वाढवावा. मुळात ती मुदत पाच मिनिटांची असते. जुने अंक रोज बदलत नाहीत, तेव्हा ती खुशाल दिवसभराची ठेवावी. पहिल्यांदा वेळ लागेल, पण जोडणी चालू आहे तोवर त्या दिवसापुरता पुन्हा लागणार नाही.

याबरोबर 'व्हीएफएस-कॅश-मोड' हा पर्याय 'फुल' ठेवावा. त्यामुळे वाचलेले तुकडे घरच्या डिस्कवर साठतात आणि तेच पान पुन्हा उघडताना सर्व्हरकडे जावे लागत नाही. आपल्याकडे जागा कमी असल्याने 'व्हीएफएस-कॅश-मॅक्स-साइझ'ने मर्यादाही घालावी. फाइल-व्यवस्थापकातली लघुचित्रे मात्र आधी बंद करावीत, नाहीतर मुखपृष्ठे दाखवण्यासाठी तो प्रत्येक पीडीएफ उघडू लागेल. त्याच कारणाने त्या फोल्डरवर 'ग्रेप' चालवू नये: शब्द शोधण्यासाठी प्रत्येक फाइल पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत खाली आणावी लागेल, आणि सार्वजनिक सर्व्हर चालवणाऱ्यांवर असा भार टाकणे बरे नव्हे. ज्या अंकांत वारंवार शोधायचे आहे तेवढे रीतसर उतरवून घ्यावेत.

प्रश्न: विद्यापीठाच्या सर्व्हरवरचे फोल्डर मी एसएसएचएफएसने लॅपटॉपवर जोडतो. इंटरनेट गेले किंवा लॅपटॉप झोपेतून जागा झाला की फाइल-व्यवस्थापकच नव्हे, तर 'डीएफ' आज्ञाही गोठते आणि 'किल'ने मारलेले प्रोग्रॅमही मरत नाहीत. असे का होते?
— संशोधक, नागपूर

उत्तर: युनिक्सच्या रचनेत डिस्क ही भरवशाची वस्तू धरलेली आहे. फाइल वाचण्याची विनंती थोड्या वेळात एक तर पुरी होईल किंवा चूक म्हणून परत येईल, असे गृहीत धरून सारे प्रोग्रॅम लिहिले गेले आहेत. 'उत्तर यायला तीन तास लागतील' अशी तिसरी शक्यता त्यांना ठाऊकच नसते. आपली विनंती एकदा एसएसएचएफएसच्या हाती गेली की तिचे उत्तर येईपर्यंत मागणारा प्रोग्रॅम कर्नलमध्ये थांबून राहतो, आणि चालू प्रोग्रॅम दाखवणाऱ्या 'पीएस'च्या यादीत त्याच्यापुढे 'डी' हे अक्षर दिसते. या अवस्थेत त्याला 'किल'चा संकेत पोचत नाही. 'डीएफ' तर प्रत्येक जोडलेल्या जागेला किती मोकळी जागा उरली ते विचारते, म्हणून एका मृत जोडणीपाशी तीही अडते.

अशा वेळी अडकलेल्या प्रोग्रॅमला नव्हे, तर एसएसएचएफएसलाच बंद करावे. तो संपला की कर्नल सर्व प्रलंबित विनंत्या चूक म्हणून परत करतो आणि गोठलेले प्रोग्रॅम सुटतात. त्यानंतर त्या फोल्डरवर 'ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड' असा संदेश येतो. तो घाबरण्यासारखा नाही. 'फ्यूजरमाउंट'ला 'यू' हा पर्याय देऊन जोडणी सोडवली की पुन्हा जोडता येते.

पुढच्या वेळेसाठी जोडतानाच 'रीकनेक्ट' हा पर्याय द्यावा आणि 'सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल' १५ ठेवावा. मग एसएसएच दर १५ सेकंदांनी सर्व्हरची हाक घेतो, आणि मूळ मांडणीप्रमाणे तीन हाका अनुत्तरित राहिल्या की जोडणी तुटली असे मानतो. अनिश्चित काळ गोठून राहण्याऐवजी पाऊण मिनिटात निकाल लागतो. आपोआप पुन्हा जोडले जाण्यासाठी पासवर्डऐवजी किल्लीने प्रवेश ठेवणे आवश्यक आहे, कारण त्या वेळी पासवर्ड टाकायला समोर कोणी नसते.

प्रश्न: मी जोडलेले फोल्डर मला दिसते, पण 'सूडो' लावून, म्हणजे सर्वाधिकारी 'रूट' वापरकर्ता होऊन, पाहिले तर परवानगी नाकारली जाते. रूटलाही नकार कसा मिळू शकतो?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: हा दोष नाही, हेतुपूर्वक घातलेले बंधन आहे. फ्यूजच्या मागे सामान्य वापरकर्त्याचा प्रोग्रॅम असतो. त्याने खोटी माहिती दिली किंवा मुद्दाम उत्तरच दिले नाही, तर रूटच्या नावाने चालणारी कामे फसतील किंवा अडकतील. म्हणून ज्याने जोडले त्यालाच ते दिसते. इतरांनाही दाखवायचे असेल तर 'ईटीसी' फोल्डरातल्या 'फ्यूज.कॉन्फ' या फाइलीत 'यूजर-अलाऊ-अदर' ही ओळ सुरू करावी आणि जोडताना 'अलाऊ-अदर' हा पर्याय द्यावा. गरज असेल तरच हे करावे.

प्रश्न: माझी छायाचित्रे गूगल ड्राइव्हवर आहेत. आरक्लोनने ड्राइव्ह जोडून 'आरसिंक' या प्रती घेणाऱ्या प्रोग्रॅमने दररोज बाहेरच्या डिस्कवर त्याची प्रत घ्यावी, असा विचार आहे. यात काही धोका आहे का?
— छायाचित्रकार, चिपळूण

उत्तर: धोका आहे, आणि तो गंभीर आहे. जोडणीसाठी वापरलेले फोल्डर जोडणी नसतानाही डिस्कवर असतेच, फक्त रिकामे असते. एखाद्या रात्री जोडणी झाली नाही आणि आरसिंकला 'डिलीट' हा पर्याय दिलेला असेल, तर मूळ जागी काहीच नाही असे समजून तो बाहेरच्या डिस्कवरची सारी छायाचित्रे पुसून टाकेल. तो आपल्या आज्ञेप्रमाणेच वागलेला असेल, त्यामुळे चुकीचा कोणताही संदेश येणार नाही.

यासाठी जोडणीची गरजच नाही. आरक्लोनची 'कॉपी' ही आज्ञा ड्राइव्हवरून डिस्कवर थेट प्रत घेते, अपुऱ्या राहिलेल्या फाइली पुन्हा मागते आणि डिस्कवरचे काही पुसत नाही. 'सिंक' ही आज्ञा मात्र पुसते, तेव्हा आपण 'कॉपी'च वापरावी. गूगल डॉक्समध्ये केलेले दस्तऐवज जोडलेल्या फोल्डरात शून्य आकाराचे दिसतात आणि आरसिंक त्यांची नीट प्रत घेईल याची खात्री नसते. 'कॉपी' वापरली की ते वर्ड किंवा एक्सेलच्या रूपात उतरतात. ड्राइव्ह नुसते पाहण्यासाठी जोडायचे असेल तर 'रीड-ओन्ली' हा पर्याय अवश्य द्यावा, कारण जोडलेल्या फोल्डरात पुसलेली फाइल खऱ्या ड्राइव्हवरूनही जाते. सहसा ती तिथल्या कचरापेटीत सापडते, पण त्यावर विसंबू नये.

काही कारणाने जोडलेल्या फोल्डरावरूनच प्रत घ्यावी लागली, तर स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'माउंटपॉइंट' ही आज्ञा वापरून तिथे खरोखर काही जोडलेले आहे का ते तपासावे, आणि नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवावी.