वाचकांचे प्रश्न : पीआरआय लाइन, जुनी कार्डे आणि नवे नेटवर्क

प्रश्न : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. बाहेरचे सर्व फोन एका पीआरआय लाइनवरून (एकाच जोडणीवर तीस संभाषणे नेणाऱ्या डिजिटल दूरध्वनी लाइनवरून) जुन्या ईपीएबीएक्सवर (कारखान्यातल्या छोट्या एक्स्चेंजवर) येतात. आता आम्ही सर्व्हरवर चालणारी आयपी फोनव्यवस्था बसवत आहोत. पुरवठादार म्हणतो, पीआरआय बंद करा आणि एसआयपी ट्रंक (आयपी जाळ्यावर कॉल जुळवण्याच्या एसआयपी पद्धतीने चालणारी बाहेरची जोडणी) घ्या. पण आमचे क्रमांक गिऱ्हाइकांकडे वर्षानुवर्षे आहेत आणि फॅक्सही अजून चालू आहे. आमच्याकडे एक जुने ई-वन कार्ड (पीआरआय लाइन संगणकाला जोडणारे) पडून आहे. ते नव्या सर्व्हरमध्ये घालून काम भागेल का?

उत्तर : पीआरआय लाइन ठेवण्याचा आपला विचार योग्य आहे, कार्ड सर्व्हरमध्ये घालण्याचा बेत मात्र सोडून द्यावा. स्थिर दूरध्वनीचा क्रमांक एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची मोबाइलसारखी सोय आपल्याकडे नाही. त्यामुळे लाइन परत करण्याआधी तेच क्रमांक तीच कंपनी एसआयपी ट्रंकवर देईल का, हे लेखी विचारून घ्यावे आणि उत्तर हाती येईपर्यंत जुन्या लाइनला हात लावू नये.

कार्डाची पहिली अडचण खाचेची (स्लॉटची) आहे. जुनी ई-वन कार्डे पीसीआय खाचेची असतात, त्यांतही ५ व्होल्टची आणि ३.३ व्होल्टची अशा दोन जाती असतात आणि आजच्या सर्व्हरमध्ये बहुधा फक्त पीसीआय एक्स्प्रेस खाच मिळते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. संगणकालाच एक्स्चेंज बनवणाऱ्या ॲस्टेरिस्कसारख्या प्रणालीबरोबर वापरली जाणारी ही कार्डे साधारणपणे दर सेकंदाला १००० वेळा प्रोसेसरचे लक्ष मागतात, आणि ते वेळेवर मिळाले नाही तर आवाज तुटतो. एकाच सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालवण्याची आजची पद्धत या गरजेशी जुळत नाही. म्हणून एका बाजूला पीआरआय आणि दुसऱ्या बाजूला इथरनेट असलेला छोटा गेटवे घ्यावा. लाइन तिथेच संपते, प्रतिध्वनी काढण्याचे काम त्यातली चिप करते आणि आतल्या सर्व्हरला फक्त एसआयपी दिसते. पुढे केव्हा एसआयपी ट्रंक घेतलाच, तर गेटवे काढून ठेवावा. बाकीची रचना तशीच राहते.

आता क्लॉकविषयी, म्हणजे दोन्ही टोकांना लागणाऱ्या समान ठोक्याविषयी, सविस्तर सांगतो, कारण ‘लाइन चालू आहे, पण फॅक्स जात नाही’ या तक्रारीचे मूळ मी सर्वांत आधी इथेच शोधतो. पीआरआय ज्या जोडणीवर चालते ती ई-वन लाइन २.०४८ एमबीपीएस वेगाने चालते. तिच्यात ६४ केबीपीएसचे ३२ टाइमस्लॉट (वेळेचे कप्पे) असतात. शून्य क्रमांकाचा टाइमस्लॉट फ्रेम (३२ टाइमस्लॉटचा एक संच) जुळवण्यासाठी, १६ क्रमांकाचा सिग्नलिंगसाठी आणि उरलेले ३० संभाषणांसाठी. दर सेकंदाला ८००० फ्रेम जातात आणि दोन्ही टोकांनी त्या एकाच ठोक्यावर मोजायच्या असतात. तो ठोका एक्स्चेंज देते; आपल्या उपकरणाने तो लाइनवरून घ्यायचा असतो. उपकरण स्वतःच्या क्रिस्टलवर (आतल्या घड्याळावर) चालत राहिले आणि त्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत ५० इतकाच फरक असला, तरी सेकंदाला ०.४ फ्रेमचा फरक पडतो, म्हणजे दर अडीच सेकंदांनी एक फ्रेम गळते किंवा दोनदा वाचली जाते. यालाच स्लिप म्हणतात. बोलण्यात ती एखाद्या बारीक ‘टक’पलीकडे जाणवत नाही, त्यामुळे कोणी तक्रारही करत नाही, फॅक्सच्या मोडेमला मात्र ती सहन होत नाही, पानावर ओळी फाटतात किंवा जोडणीच तुटते. म्हणून गेटवेच्या मांडणीत क्लॉकचा स्रोत ‘लाइन’ किंवा ‘नेटवर्क’ असाच ठेवावा, आणि बसवल्यानंतर दिवसभराने स्लिपची मोजणी उघडून पाहावी. तो आकडा शून्यच असला पाहिजे. ‘थोड्या स्लिप चालतात’ असे कोणी सांगितले तर ऐकू नये.

गेटवे आणि सर्व्हर यांच्यामध्ये आवाजासाठी जी.७११ ए-लॉ हाच कोडेक (आवाज आकड्यांत मांडण्याची पद्धत) ठेवावा. आपल्याकडच्या ई-वनवर आवाज त्याच रूपात येतो, त्यामुळे रूपांतर करावे लागत नाही. २० मिलिसेकंदांच्या पॅकेटला इथरनेटवर एका कॉलसाठी प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस लागतात. तीसही कॉल एकदम चालू असले तरी तो भार २.६ एमबीपीएसच्या आसपास राहतो, तेव्हा जागा वाचवण्यासाठी आवाज दाबण्याचे कारण नाही. फॅक्ससाठी टी.३८ (आयपीवरून फॅक्स नेण्याची पद्धत) सुरू करावे. गेटवे, स्विच आणि कंपनीचे फायबरचे उपकरण या तिन्हींना यूपीएसवर घ्यावे, कारण जुन्या ईपीएबीएक्सला स्वतःची बॅटरी होती आणि ती आता नसल्याचे पहिल्यांदा वीज जाते तेव्हाच लक्षात येते. इंटरनेटवरून आलेला कॉल पीआरआयमार्फत सार्वजनिक जाळ्यात सोडण्यावर आपल्याकडे नियमांची बंधने आहेत. दुसऱ्या शाखेचे फोन या गेटवेवरून बाहेर काढण्याचा विचार असेल, तर आधी कंपनीची लेखी संमती घ्यावी.

प्रश्न : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून राउटरसाठी वापरलेले ई-वन कार्ड घेतले. लाइन जोडल्यावर धोक्याचा दिवा जात नाही. कार्ड खराब निघाले का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : लगेच तसा निष्कर्ष काढू नये. आरजे-४५ प्लगमध्ये १ क्रमांकाची तार ४ ला आणि २ क्रमांकाची ५ ला जोडून एक लूप प्लग करावा आणि तो कार्डात घालावा. मांडणी ई-वनची असूनही दिवा गेला नाही तर कार्डावर संशय घ्यावा; दिवा गेला तर कार्डाचे पोर्ट ठीक आहे आणि दोष बाहेर आहे. हे कार्ड अमेरिकी वापरातून आलेले असेल, तर ते टी-वनवर, म्हणजे १.५४४ एमबीपीएस आणि २४ टाइमस्लॉटवर, ठेवलेले असू शकते. काही कार्डांवर त्यासाठी जंपर (दोन पिना जोडणारा छोटा तुकडा) असतो, काहींत ते आज्ञेने बदलते. त्यानंतर केबल पाहावी. ई-वनमध्ये १-२ आणि ४-५ या जोड्या वापरतात, त्यामुळे इथरनेटची क्रॉस केबल इथे चालत नाही. सरळ केबल चालते, आणि उलटवायचीच असेल तर १ ला ४ आणि २ ला ५ असे उलटवावे लागते. कंपनीने बीएनसी कनेक्टरवर ७५ ओहमची लाइन दिली असेल आणि कार्ड १२० ओहमचे असेल, तर मध्ये बलून (या दोन प्रकारच्या लाइन जुळवणारा जोड) हवा. एवढे करूनही लाइन उठली नाही, तर दोन्ही टोकांची सीआरसी-४ ची (फ्रेममधल्या चुका तपासण्याच्या पद्धतीची) मांडणी सारखी आहे का, ते कंपनीला विचारावे. आणखी एक गोष्ट : कार्ड घेतले म्हणजे आवाज चालेलच असे नाही, कॉल आयपीवर न्यायचे असतील तर राउटरमध्ये त्या पिढीचे डीएसपी मोड्यूलही (आवाजावर प्रक्रिया करणारा भाग) लागते.

प्रश्न : दोन कार्यालयांमध्ये व्ही.३५ केबलवर (राउटरच्या जुन्या पद्धतीच्या जोडणीवर) २ एमबीपीएसची लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली कायमची जोडणी) आहे. नव्या राउटरला तसा पोर्ट नाही. व्ही.३५ चे इथरनेट करणारा कन्व्हर्टर घ्यावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घेऊ नये. कंपनीकडून ही लाइन इथरनेटवर मागून घ्यावी. नूतनीकरणाची वेळ त्यासाठी चांगली असते, आणि त्याच वेळी वेग वाढवून मिळतो का तेही विचारावे. तोपर्यंत जुना राउटर त्या केबलसह तसाच ठेवून नव्या राउटरला इथरनेटने जोडावा. कन्व्हर्टर मध्ये आला की व्ही.३५ ची बाजू पडली तरी इथरनेटचा दिवा चालूच राहू शकतो. मग नवा राउटर पर्यायी मार्गावर वळत नाही आणि दोष शोधण्यात दिवस जातो. कन्व्हर्टर घेतल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर त्याचे क्लॉक लाइनवरून घेतलेले ठेवावे आणि राउटरला पलीकडच्या टोकाचा पत्ता सतत तपासत राहण्याची आज्ञा द्यावी.