रिडंडंट फील्ड: ‘अनावश्यक’, ‘द्विरुक्त’ की आणखी काही?

प्रश्न असा: लिनक्सच्या कर्नलमधलं, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातलं, एखादं ‘रिडंडंट’ फील्ड (माहितीचा रकाना) काढावं की ठेवावं, या वादाबद्दल मराठीत लिहिताना ‘अनावश्यक’ म्हणावं की ‘द्विरुक्त’?

मी दोन्ही टाळून ‘पुनरुक्त’ लिहीन. ‘अनावश्यक’ म्हटलं की वाद सुरू व्हायच्या आधीच निकाल लागतो. ‘द्विरुक्त’ म्हटलं की शाळेतलं व्याकरण आठवतं: हळूहळू, घरोघर. तिथे दुसरा शब्द फुकट बसलेला नसतो, अर्थात भर घालतो.

खरं उदाहरणच घ्या. 2006 साली लिनक्सचे डेव्हलपर थिओडोर त्सो यांनी आयनोडचा आकार घटवणारे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, आणले. आयनोड म्हणजे कर्नलने ठेवलेली एकेका फाइलची नोंद. मालिकेचं नावच ‘आयनोड-डाएट’. मेमरीत आयनोड लाखांनी असू शकतात, तेव्हा एकेका फील्डचे चार-आठ बाइटही जड होतात. त्यात ‘आय_बीएलकेसाइझ’ हे फील्ड गेलं. ब्लॉकचा (फाइल ज्या तुकड्यांत साठवतात त्याचा) आकार शेजारच्या ‘आय_बीएलकेबिट्स’मधून काढता येतोच: तिथे 12 असेल तर 2 चा 12 वा घात, म्हणजे 4096 बाइट. माहिती हवीच होती, दुसऱ्यांदा साठवायला नको होती. ‘पिवळा पीतांबर’सारखंच हे, पिवळेपणा ‘पीत’मध्ये आलेलाच आहे.

पण आज सोवळ्याच्या रेशमी वस्त्राला, रंग कुठलाही असो, पीतांबरच म्हणतात. मग ‘पिवळा’ खरोखर काही सांगतो की! इथेही तीच मेख होती. प्रोग्रॅमला ‘एसटी_बीएलकेसाइझ’ म्हणून मिळतो तो वाचन-लेखनाला सोयीचा आकार, आणि तो ब्लॉकच्या आकाराइतकाच असेल असं नाही. म्हणून तोडगा असा निघाला की ज्या फाइल सिस्टीमला (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेला) वेगळा आकडा द्यायचा असेल, तिने आपलं ‘गेटअॅटर’, म्हणजे फाइलची माहिती देणारं फंक्शन, लिहावं. बाकीच्यांसाठी बिट्सवरून हिशेब. काही फाइल सिस्टीम तर ‘आय_बीएलकेसाइझ’मध्ये वाटेल तो, चुकीचा आकडा भरत होत्या, अशी नोंद त्या पॅचसोबतच आहे.

‘पुनरुक्त’चा फायदा हाच, की ‘कशाची पुनरुक्ती?’ असं लगेच विचारता येतं आणि उत्तर कोडमध्ये दाखवावं लागतं. ‘अनावश्यक’ला तसं कोपऱ्यात गाठता येत नाही.

सर्व्हरचा रिडंडंट पॉवर सप्लाय मात्र ‘राखीव’ किंवा ‘जोडीचा’. तो मुद्दाम ठेवलेला असतो, तिथे ‘पुनरुक्त’ चालणार नाही. आणि ‘फील्ड’चं ‘क्षेत्र’ कृपया करू नका. फील्डच ठेवा, फार तर रकाना.