फळ्यावरचे उतरवताना मागे पडणारा मुलगा

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. पाचव्या वर्षी त्याला रक्ताचा कर्करोग झाला. मुंबईत टाटा रुग्णालयातील उपचार संपून तीन वर्षे झाली. आता फळ्यावरचे उतरवताना तो मागे पडतो, एकदम सांगितलेली दोन कामे त्याच्या लक्षात राहत नाहीत. बाई त्याला आळशी म्हणतात. डॉक्टरांनी न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी (लक्ष, स्मरण, वेग अशा मेंदूच्या कामांची तपासणी) सुचवली, तर सासूबाई म्हणतात, ‘पोराला वेड्यात काढू नका.’ काय करू?
– एक आई, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : ताई, चाचणी करून घ्या, आणि वार्षिक परीक्षेच्या निकालाची वाट पाहू नका. कर्करोगाच्या पेशी मेंदूभोवती दडून राहू नयेत म्हणून या आजारात पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट हे औषध देतात, काहींना डोक्यावर किरणोपचारही द्यावे लागतात. त्यांनी जीव वाचतो. मात्र काही मुलांचे लक्ष, ऐकलेले क्षणभर मनात धरण्याची क्षमता आणि कामाचा वेग यांवर परिणाम राहतो, जो अभ्यास वाढल्यावर, कधी काही वर्षांनी, जाणवू लागतो. तुम्ही लिहिलेल्या तक्रारी याच स्वरूपाच्या आहेत. एवढे सोसलेल्या मुलाला तपासणीआधीच आळशी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

सासूबाईंना नातवाची काळजीच वाटते आहे. त्यांना सांगा की यात सुई नाही, औषध नाही. ठोकळ्यांची रचना करणे, आकडे उलट क्रमाने म्हणणे, ऐकलेली गोष्ट थोड्या वेळाने पुन्हा सांगणे, अशी कामे मानसशास्त्रज्ञ समोर बसून करून घेतात. चाचणी मराठीतून व्हावी असा आग्रह धरा. बिने-कामत बुद्धिमापन चाचणी १९३४ मध्येच मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार झाली होती. तरीही एकट्या बुद्ध्यंकावर थांबू नका, कारण तो उत्तम असूनही वेग कमी असू शकतो, आणि तुमच्या मुलाची अडचण तिथेच असण्याचा संभव आहे.

टाटा रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. पुढच्या फेरीला तिथे विचारा. कोल्हापुरातच करायचे असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गाठा.

अहवाल कपाटात ठेवू नका. तो घेऊन बाईंना भेटा आणि पुढचा बाक, छापील टिपणे, उत्तरांसाठी जादा वेळ, एका वेळी एकच सूचना, इतके मागा. बोर्डाच्या परीक्षेतील सवलतीसाठी शासकीय प्रमाणपत्र लागू शकते, त्याची चौकशी दहावीच्या बरीच आधी करा.

चाचणीपूर्वी डोळे आणि कान तपासून घ्या. यात पास-नापास नसते, हे मुलाला आधीच सांगा, आणि त्या दिवशी ताप असेल तर तारीख पुढे ढकला.