'सॅम्पल'ला 'नमुना' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: नव्वदच्या दशकातल्या अमेरिकी हिप-हॉप आणि सोल संगीतावर मराठीत लिहिताना 'सॅम्पल'ला नमुना, 'बीट'ला ठेका, 'लूप'ला आवर्तन आणि 'इंटरपोलेशन'ला प्रक्षेप लिहिलं तर चालेल का?

'नमुना' नको. नमुना म्हणजे सगळ्या मालाची कल्पना यावी म्हणून काढलेला थोडासा भाग; धान्याचा, कापडाचा, रक्ताचा. हिप-हॉपमधलं सॅम्पल मूळ गाण्याची कल्पना देण्यासाठी नसतंच. जुन्या ध्वनिमुद्रणाचा प्रत्यक्ष तुकडा कापून नव्या गाण्यात वापरला, की तो तुकडा म्हणजे सॅम्पल. यात ध्वनिमुद्रण महत्त्वाचं, चाल नव्हे. पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ या हिप-हॉप जोडीचं १९९२ चं 'दे रेमिनिस ओव्हर यू' घ्या. त्यातला सुप्रसिद्ध सॅक्सोफोन टॉम स्कॉट या सॅक्सोफोनवादकाच्या १९६७ च्या 'टुडे'च्या तबकडीवरून आला आहे. पण 'टुडे' हे गाणं मुळात जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडचं. म्हणजे पीट रॉकनं सॅम्पल कुणाचं घेतलं? टॉम स्कॉटचं. 'जेफरसन एअरप्लेनचं सॅम्पल' असं लिहिलं तर ते चूकच. 'नमुना' किंवा 'उचललेली चाल' म्हटलं की हा फरक पुसला जातो. शिवाय सॅम्पल हा शब्द मराठीला परका नाही. मिसळीच्या दुकानात सॅम्पल मागितलं तर रस्सा येतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही. संगीतातला अर्थही तसाच रुजेल.

'बीट'चे तीन अर्थ आहेत आणि तिन्हींना एकच मराठी शब्द पुरणार नाही. वेगाबद्दल बोलत असाल तर 'मात्रा' अगदी चोख बसतो: गाणं मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत आहे. नुसत्या ड्रम्सच्या नक्षीबद्दल बोलत असाल तर 'ठेका' लिहा. पण रॅपर ज्याच्यावर म्हणतो ती सगळी संगत, म्हणजे ड्रम्स, बेस, सॅक्सोफोन, पियानो मिळून, हीसुद्धा बीटच. डीजे प्रीमियर हा रॅपसाठी बीट बनवणारा संगीतकार. 'डीजे प्रीमियरची बीट' याचं भाषांतर 'डीजे प्रीमियरचा ठेका' केलंत तर त्याचं निम्मं काम वगळलंत. इथे बीट हाच शब्द ठेवावा.

'लूप' आणि 'आवर्तन' जवळचे आहेत, हे मान्य. बार म्हणजे चार मात्रा, त्यामुळे चार बार मोजले की तीनतालाइतक्या सोळा मात्रा होतात आणि सोळा बारचं रॅपचं कडवं मात्रांच्या हिशेबात तीनतालाच्या चार आवर्तनांएवढं भरतं. पण तबलजी प्रत्येक आवर्तन नव्यानं वाजवतो. लूपमध्ये तोच ध्वनिमुद्रित तुकडा, त्यातल्या खरखरीसकट, परत परत येतो. त्या काळातला लूप कसा बनायचा ते पाहिलं की हे पटेल. ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे सॅम्पल भरून घेऊन वाजवणारं यंत्र १९८७ मध्ये आलं आणि न्यूयॉर्कच्या संगीत-निर्मात्यांनी नव्वदच्या दशकातही ते सोडलं नाही. त्यात एकूण जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावे, एका सॅम्पलला जास्तीत जास्त २.५ सेकंद. ९६ मात्रांच्या लयीत दोन बार म्हणजे ५ सेकंद. एका लूपनंच निम्मी जागा खाल्ली तर बाकीच्या आवाजांना काय उरणार? म्हणून ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर फिरवायची. ५ सेकंदांचा मजकूर ३.७ सेकंदांत येतो. तो दोन भागांत भरून घ्यायचा आणि मग यंत्रात स्वर पुन्हा खाली उतरवायचा, साधारण सा ते शुद्ध मध्यम एवढ्या अंतरानं. यंत्र १२ बिटचं, म्हणजे आवाजाचे बारकावे कमी टिपणारं, त्यामुळे या उतरवण्यात आवाज खरबरीत होतो. त्या काळच्या गाण्यांचा तो जाडसर, धुळकट पोत पुष्कळसा इथून आला.

कापताना चूक झाली तर लगेच कळते. तुकडा जरा आखूड कापला तर समेच्या आधी पोकळी पडते आणि लूप लंगडतो. लांब कापला तर पुढच्या ठोक्याचा शेंडा आत येऊन ठोका दोनदा लागल्यासारखा वाटतो. ध्वनिलहर शून्यावर नसताना कापलं तर जोडावर 'टिक्' असा आवाज येतो.

'ब्रेक'ला विराम म्हणू नये. गाणं आणि बाकीची वाद्यं थांबून ड्रम्स एकटे उरतात, तो भाग म्हणजे ब्रेक. तिथे थांबतं ते गाणं, ताल नव्हे. 'तुकडा'ही टाळावा, कारण तबल्यात त्या नावाची वेगळी रचना आहे.

'प्रक्षेप' मात्र पूर्णच दिशाभूल करतो. ज्ञानेश्वरीतल्या प्रक्षिप्त ओव्या म्हणजे मागाहून कुणी घुसवलेल्या. संगीतातलं इंटरपोलेशन म्हणजे जुन्या गाण्याचा भाग नव्या वादकांकडून पुन्हा वाजवून किंवा गाऊन घेणं. 'पुनर्वादन' हा शब्द मला इथे सर्वांत योग्य वाटतो. गायलेला भाग असेल तर 'पुनर्गायन'. या फरकामागे व्यवहार आहे. सॅम्पल घेतलं तर ध्वनिमुद्रणाचा मालक आणि रचनेचा मालक, दोघांची परवानगी लागते. पुनर्वादनाला रचनेच्या मालकाची पुरते. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं गायक गिल्बर्ट ओ'सुलिव्हनच्या गाण्याचं सॅम्पल विनापरवाना वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात निकाल दिला. त्यानंतर कंपन्या सॅम्पलच्या परवानग्यांबाबत फार सावध झाल्या.

आणि 'कव्हर' म्हणजे सबंध गाणं नव्यानं गाणं. फ्यूजीज या हिप-हॉप गटाचं १९९६ चं 'किलिंग मी सॉफ्टली' हे कव्हर, पण त्याच्याखालचा ठेका अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या दुसऱ्या गटाच्या 'बोनिता अ‍ॅपलबम'मधला आहे. एकाच गाण्यात कव्हरही आणि सॅम्पलही, तेव्हा दोन्ही शब्द हवेत.

आपल्याकडचं उदाहरण दशक उलटल्यावरचं आहे. ट्रूथ हर्ट्स या अमेरिकी गायिकेच्या २००२ च्या 'अ‍ॅडिक्टिव्ह'मध्ये 'ज्योती' चित्रपटातलं बप्पी लाहिरींचं 'थोडा रेशम लगता है' आहे आणि त्यात ऐकू येतो तो प्रत्यक्ष लताबाईंचाच आवाज. म्हणून ते सॅम्पल. 'लताबाईंच्या गाण्यावर आधारित' असं लिहिणं अपुरं ठरेल.

राहता राहिलं लिंग. 'ते सॅम्पल', 'ती बीट', 'तो लूप' असंच लिहावं आणि अनेकवचनी 'सॅम्पल्स'पेक्षा 'सॅम्पलं' लिहायला कचरू नये.