शेजारच्या परड्यातील कोंबडे पहाटे चारपासून आरवतात. संबंध न बिघडवता काय करता येईल?

तुम्ही लिहिले आहे की बेळगावातील अनगोळमध्ये तुमच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच शेजाऱ्यांचे परडे आहे, त्यात तीन कोंबडे आणि काही कोंबड्या आहेत, घरात आजारी सासरे असल्याने पहाटेचा गोंगाट सोसत नाही, आणि तरीही शेजाऱ्यांशी वाकडे यावे अशी तुमची इच्छा नाही. मी वडगावात राहते आणि आमच्या परड्यातही कोंबड्या आहेत, त्यामुळे पाळणाऱ्याला कोणती गोष्ट पटते आणि कोणती पटत नाही, हे मला जवळून ठाऊक आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कोंबड्याचा आवाज आणि कोंबडीचा आवाज हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहाटे चारला झोप मोडतो तो कोंबडा. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेसुद्धा जवळपास चोवीस तासांच्या आवर्तनाने आरवत राहतात, आणि उजेड-अंधाराचे नेहमीचे वेळापत्रक असेल तर उजेड होण्याच्या सुमारे दोन तास आधीच सुरुवात करतात. म्हणजे बांग ही शरीरातील घड्याळाची आहे. बेळगावात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सातच्या सुमारास, त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस चारला आणि थंडीत पाचला आरवणे सुरू होणे, हे त्या पक्ष्याच्या दृष्टीने अगदी वेळेवर आहे. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही असे आपण म्हणतो. डालग्याखाली झाकल्याने बांगही पूर्णपणे थांबत नाही, एवढे त्यात जोडायला हवे. मात्र बाहेरचा उजेड आणि दुसऱ्या कोंबड्याची बांग यांनी आरवणे वाढते हेही खरे आहे, आणि करण्यासारखे जे काही आहे ते याच जागी आहे.

त्याच संशोधकांनी २०१५ साली आणखी एक गोष्ट नोंदवली. एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांमध्ये सर्वांत वरचढ असलेला आधी आरवतो, बाकीचे मानाच्या उतरंडीने त्याच्या मागून आरवतात, आणि वरचढाला बाजूला काढले की दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवात करतो. तुमच्या शेजाऱ्यांनी तिघांतला एकच कमी केला तर आवाज थोडा घटेल, पण पहाटेची वेळ बदलणार नाही. म्हणून बोलणी करायची ती एकही कोंबडा वस्तीत न ठेवण्याची करावी.

ही मागणी ऐकायला कठोर वाटते, पण ती पटवता येते, कारण अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. कोंबडी कोंबड्याशिवाय तेवढीच अंडी घालते, फक्त त्यातून पिल्ले निघत नाहीत. आपल्याकडे कित्येक घरांत कोंबडा गेला की अंडी बंद होतील असा पक्का समज आहे, आणि सगळी अडवणूक तिथेच होते. शेजाऱ्यांना पिल्लेही काढायची असतील तर त्यालाही वाट आहे. कोंबड्याशी संबंध आल्यानंतर साधारण दोन आठवडे कोंबडीची अंडी फलित निघू शकतात. तेव्हा कोंबडा येळ्ळूर-उचगावकडे शेतात घर असलेल्या एखाद्या पाहुण्याकडे ठेवावा, आणि कोंबडी खुडूक बसण्याच्या बेताला आली की थोडे दिवस घरी आणावा. ते थोडे दिवस तुम्हीही आनंदाने सोसावेत. कोंबडा यात्रेसाठी किंवा नवसाचा म्हणून राखलेला असेल तर तो विकण्याचा विषय काढूच नका. यात्रा होईपर्यंत तो पाहुण्यांकडे राहू दे, एवढेच म्हणा. आणखी एक कारण सांगून ठेवते: दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून किंवा गिरिराज, स्वर्णधारा अशा जातींची पिल्ले नर-मादी न निवडता घेतली, तर त्यांतली निम्मी नर निघतात. पुढच्या वेळी तलंगाच (वाढीला लागलेल्या तरुण माद्या) घ्याव्यात, म्हणजे हा प्रश्न उद्भवत नाही.

बोलायला संध्याकाळी जा, पहाटे झोप मोडल्याच्या रागात जाऊ नका, आणि सासऱ्यांच्या आजारपणाविषयी स्पष्ट सांगा. घरातल्या ज्या मावशी कोंबड्यांना दाणा घालतात त्यांच्याशी बोललेले सर्वांत चांगले, कारण निर्णय त्यांचाच असतो.

कोंबडा ठेवायचाच असे ठरले तर खुराड्याची जागा पाहावी लागेल. हातभर अंतरावर कोंबड्याची बांग १०० डेसिबलच्या आसपास जाते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे खुराडे तुमच्या भिंतीपासून चार मीटरऐवजी सोळा मीटरवर गेले तर १२ डेसिबल कमी होतात आणि कानाला आवाज निम्म्याहून कमी वाटतो. परडे तेवढे लांब नसेल तर बाजू जांभ्या दगडाच्या किंवा विटांच्या कराव्यात. नुसत्या पत्र्याचे खुराडे आवाज अडवत नाही, उलट घुमवते. जाळीची बाजू तुमच्या घराकडे नसावी, आणि तिच्यावर रात्री गोणपाटाचा पडदा सोडून तो सकाळी सातनंतर उचलावा. वरच्या अंगाला हवेची वाट मात्र राहिलीच पाहिजे. कोंबड्यांना घाम येत नाही, त्या चोच उघडून धापा टाकत अंग निववतात. एप्रिल-मेमध्ये बंद पेटीत त्या गुदमरतील आणि आपल्या पावसाळ्यात ओल्या विष्ठेचा अमोनिया डोळ्यांना व फुप्फुसांना बाधेल. बांग दबावी म्हणून गळ्याला आवळायचा पट्टा मिळतो, तो मी कोणालाही सुचवणार नाही. पट्टा जरा घट्ट झाला की पक्ष्याचा श्वास अडतो.

माद्यांचा सकाळचा कलकलाट बहुधा भुकेचा आणि कोंडून राहिल्याचा असतो. संध्याकाळी पोटभर कणी-दाणा घालावा, खुराड्यात पाणी ठेवावे आणि दार रोज ठरावीक वेळी उघडावे, म्हणजे तो बराच उतरतो. अंडे घातल्यानंतरचा कोकलण्याचा आवाज सहसा उजाडल्यानंतरचा असतो आणि लवकर थांबतो. मध्यरात्री एकाएकी ओरड झाली तर मांजर किंवा साप शिरला असण्याची शक्यता आहे. तेव्हा शेजाऱ्यांना उठवणेच योग्य.

कायद्याची वाट शेवटची ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि निवासी भागात त्या वेळची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना आहे. त्याआधी महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी अर्ज द्यावा. प्रश्न खेड्यातला असता तर ग्रामपंचायतीकडे जावे लागले असते. अर्जात आरवण्याच्या वेळा तारखेनिशी लिहाव्यात, खुराड्याचे तुमच्या खिडकीपासूनचे अंतर द्यावे, आजारी व्यक्तीच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परतू नये.