डेंग्यूनंतर लगेच नाशिकच्या पांडवलेणीची चढण नको

ताप उतरला म्हणजे ताकद आली असं नाही. डेंग्यूनंतरचा थकवा काही आठवडे रेंगाळतो. त्यामुळे आजाराआधी ‘महिन्यात पाच किलो कमी’ असं लक्ष्य ठरवलं असेल, तर ते सध्या गुंडाळून ठेवा. आजारात वजनासोबत स्नायूही झडलेत, आता खाणं तोडलंत तर उरलेलेही जातील.

वजन ६० किलो असेल तर दिवसाला साधारण ७० ग्रॅम प्रथिनं धरा (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, वाटीभर घट्ट वरणात जेमतेम ६-७. म्हणजे नुसत्या वरणभातावर भागत नाही. भूक मेलेली असते, म्हणून दर तीन तासांनी थोडंथोडं खा. मऊ खिचडी, दही, उकडलेलं अंडं. झणझणीत मिसळ पोट सावरल्यावर.

पहिला आठवडा गोल्फ क्लब मैदानाच्या सपाट ट्रॅकवर १५ मिनिटं चाला, बोलता येईल इतक्याच वेगानं. सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा दहानं जास्त लागली तर त्या दिवशी सुट्टी. प्लेटलेट दीड लाखाच्या वर स्थिर होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत जिमची वजनं उचलू नका. नंतरही आधीच्या निम्म्यापासूनच. अंग दुखलं म्हणून मनानं आयब्युप्रोफेन तर मुळीच नाही, रक्तस्रावाचा धोका असतो.